४के वर चार ग्राफिक्स कार्डं, नागपूरचा मे महिना : रोजच्या नोंदी

११ मे २०२४, शनिवार

४के मॉनिटर आला एकदाचा. ३२ इंची, १४४ हर्ट्झचा. लावला, सायबरपंक २०७७ चालू केला आणि जे गेम काल रात्रीपर्यंत १४४०पी वर मस्त पळत होतं ते एकदम बैलगाडी झालं. चित्र मात्र असं सुंदर की परत जुन्या मॉनिटरवर जायची इच्छाच होत नाही. गणित सरळ आहे, पडद्यावरचे ठिपके म्हणजे पिक्सेल मोजायचे : १०८०पी म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६,८६,४००, अन ४के म्हणजे ८२,९४,४००. म्हणजे कालपेक्षा सव्वादोन पट काम, चित्र बनवणारं ग्राफिक्स कार्ड तेच, माझं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०८०, १० जीबी मेमरीवालं.

नवीन कार्ड घ्यावं लागणार हे नक्की आहे. पण लाखाच्या घरातला खर्च आहे आणि एवढा पैसा मी दुसऱ्याच्या ग्राफवर घालणार नाही. रिव्ह्यूवाले मनापासून मेहनत करतात, त्यांचंच वाचून मी शिकलो, पण त्यांची टेस्ट होते २१-२२ अंशाच्या एसी खोलीत, बाजारातल्या सगळ्यात फास्ट प्रोसेसरवर. माझ्याकडे रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर४ आणि खोलीत डेझर्ट कूलर, बाहेर ४४ अंश. या परिस्थितीत कोणतं कार्ड काय करतं ते मला पाहायचंय.

कार्डं मिळाली उधार! एका मित्राकडे एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटीएक्स आहे, तो महिनाभरासाठी बाहेरगावी चाललाय त्यामुळे निवांत वापर म्हणाला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा एक दोस्त आहे त्याच्याकडे आरटीएक्स ४०९०, तो दोन दिवस देतो म्हणाला पण फक्त शनिवार-रविवार, आणि तेही मुहूर्त नसलेला. मामेभावाकडे आरटीएक्स ४०८० सुपर, ते जूनच्या सुरुवातीला. माझं ३०८० धरून चार झाले.

१२ मे, रविवार

आज एकही टेस्ट केली नाही, फक्त नियम ठरवले आणि ते महत्त्वाचं काम आहे.

प्रत्येक कार्ड बदलताना डीडीयू नावाच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये साफ करायचा, मग नवीन टाकायचा. विंडोजचे अपडेट बंद, गेमचे अपडेट पण बंद (मधेच पॅच आला तर आधीचे आकडे गेले पाण्यात). प्रत्येक रनच्या आधी १५ मिनिटं गेम चालू ठेवून कार्ड तापवून घ्यायचं, कारण थंड कार्ड पहिली दोन-तीन मिनिटं जास्त क्लॉक (चिपचा वेग) दाखवतं आणि बेंचमार्क तेवढ्यातच संपून जातो. तीन रन, मधला आकडा धरायचा. टेस्ट रात्री दहानंतर, तेव्हा खोली जरा स्थिर असते. खोलीचं तापमान प्रत्येक रनला लिहायचं.

फ्रेम मोजायला कॅपफ्रेमएक्स, तापमान आणि क्लॉकला एचडब्ल्यूइन्फो, आणि भिंतीच्या सॉकेटमध्ये वॅटमीटर. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) लिहीनच पण मला जास्त पाहायचंय ते एक टक्का लो (सगळ्यात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागणाऱ्या वेळेचा) ग्राफ. ६० एफपीएस म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम, आता ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदात आल्या आणि एक आली १०० मध्ये, तर सरासरी साठच दिसते पण डोळ्याला जो झटका बसतो तो बसतोच.

गेम : सायबरपंक २०७७ (बेंचमार्क प्लस त्याच गेममधल्या डॉगटाउनच्या बाजारातून ठरलेल्या रस्त्याने हाताने चाललेला रन), रेड डेड रिडेम्प्शन २, फोर्झा होरायझन ५, द लास्ट ऑफ अस पार्ट १. आणि १६ तारखेला घोस्ट ऑफ त्सुशिमा पीसीवर येतोय, तो पण घेणार.

१४ मे, मंगळवार

३०८० ची बेसलाइन झाली. सायबरपंक ४के, अल्ट्रा, रे ट्रेसिंग (प्रकाशाचा किरण-किरण मोजून चित्र काढणं) बंद, अपस्केलिंग (लहान चित्र बनवून मोठं करणं) बंद : ३७ एफपीएस. रे ट्रेसिंग अल्ट्रा लावलं की विशीच्या खाली. खोली ३५ अंश, कार्ड ७९, भिंतीवर ४९० वॅटच्या आसपास.

खरी गोष्ट लास्ट ऑफ अस मध्ये कळली. ४के, अल्ट्रा टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं). या गेमच्या सेटिंगमध्येच व्हीरॅमचा (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा) मीटर आहे, तो लाल होऊन राहिला होता. सरासरी पाहिली तर चाळीसच्या जवळ, वाईट नाही म्हणाल, पण नवीन खोलीत शिरलं की ग्राफमध्ये असे काटे उभे राहतात की पाहवत नाही. कारण काय तर १० जीबी भरली की उरलेलं टेक्स्चर सिस्टिम रॅममध्ये जातं आणि लागेल तेव्हा पीसीआयई (कार्ड ज्या खाचेत बसतं तो रस्ता) मधून आणावं लागतं. ३०८० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ७६० जीबी देते, आणि पीसीआयई ४.० चा १६ लेनचा रस्ता देतो एका दिशेला साधारण ३२. आठपदरी हायवे सोडून गल्लीतून ट्रक आणल्यासारखं होतं. टेक्स्चर अल्ट्रावरून हाय केले आणि बाकी काहीच नाही बदललं, काटे जवळजवळ गायब. सरासरी एफपीएस दोनच वाढला! म्हणजे जो सुधार मला डोळ्यांनी सगळ्यात जास्त जाणवला तो सरासरीच्या रकान्यात दिसतच नाही.

एक लक्षात ठेवायचं, मॉनिटरिंगमध्ये व्हीरॅमचा जो आकडा दिसतो तो गेमने राखून ठेवलेला असतो, खरंच लागणारा नाही. २४ जीबीवालं कार्ड असलं की गेम जास्त अडवून ठेवतो. त्यामुळे "या गेमला १७ जीबी लागते" असं त्या आकड्यावरून म्हणू नये, कमी मेमरीच्या कार्डावर काटे येतात का ते पाहावं.

१८ मे, शनिवार

७९०० एक्सटीएक्स लावलं. तीन ८-पिनवालं मॉडेल आहे, तीनही वेगळ्या केबलने लावले, एकाच केबलच्या दोन तोंडांनी नाही. 'नवी ३१' नावाची चिप, ९६ कंप्युट युनिट, २४ जीबी, ३८४ बिटची बस (मेमरीचा रस्ता), ३५५ वॅट. डिसेंबर २०२२ मध्ये ९९९ डॉलरला आलं होतं. यात मधली चिप ५ नॅनोमीटरची आणि भोवती ६ नॅनोमीटरच्या सहा लहान चिप, ज्यात कॅश (चिपमधली छोटी पण फार वेगवान मेमरी) आणि मेमरी कंट्रोलर आहे. गेमिंग कार्डात असं तुकड्या-तुकड्याने बनवलेलं हे पहिलंच डिझाइन होतं, मला त्याचं फार कौतुक आहे.

सायबरपंक, तीच सेटिंग : ५७. माझ्यापेक्षा दीडपट! रेड डेड मध्ये तर असं गुळगुळीत चाललं की टेस्ट संपल्यावर मी अर्धा तास नुसता घोड्यावर फिरत राहिलो. लास्ट ऑफ अस अल्ट्रा टेक्स्चरवर एक काटा नाही, २४ जीबी आहे, भरणार कुठून.

भिंतीवर मात्र ५३० च्या वर गेलं. खोली साडेतीन वाजेपर्यंत टेस्ट करताना ३४ वरून ३६ झाली, कूलर फुल असताना.

१९ मे, रविवार

रे ट्रेसिंगचा दिवस. ७९०० एक्सटीएक्स सायबरपंक रे ट्रेसिंग अल्ट्रा, ४के नेटिव्ह (म्हणजे अपस्केलिंगशिवाय) : विशीच्या आसपास. म्हणजे माझ्या २०२० च्या पिढीतल्या ३०८० पेक्षा जेमतेम वर, काल जे दीडपट होतं ते आज जवळजवळ बरोबरीत. पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचंच सगळ्यात जड रूप) लावून पाहिलं, एक आकडी.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. रे ट्रेसिंगमध्ये प्रत्येक किरण कुठे आदळतो ते शोधायला गेमची दुनिया डब्यात डबा, डब्यात डबा अशी मांडलेली असते आणि वरच्या डब्यापासून आत-आत शोधत जावं लागतं. एनव्हिडियाच्या आरटी कोरमध्ये हे आत-आत उतरायचं काम स्वतंत्र हार्डवेअर करतं. एएमडीच्या या पिढीत डब्याला किरण लागला का एवढं हार्डवेअर सांगतं, पण पुढे कोणत्या डब्यात जायचं ते साधे शेडर ठरवतात, तेच शेडर ज्यांना बाकीचं चित्र पण रंगवायचंय. रे ट्रेसिंग हलकं असलं तर निभतं (फोर्झामध्ये फरक फार कमी), जड झालं की अडकतं.

म्हणून एकच आकडा काढून "हे कार्ड ते कार्ड इतके टक्के" म्हणणं मला पटत नाही. एकाच गेममध्ये एक चेकबॉक्स बदलला की उत्तर बदलून राहिलं.

२१ मे, मंगळवार

आज टेस्ट नाही, दोन तास केबलमध्ये गेले. मॉनिटर अचानक फक्त ६० हर्ट्झ दाखवत होता. मी डिस्प्लेपोर्ट काढून जुनी एचडीएमआय केबल लावली होती, ती २.० वाली, १८ गिगाबिटची, त्यात ४के ६० पर्यंतच मावतं. एचडीएमआय २.१ मध्ये ४८ गिगाबिट आहे, सीताबर्डीवरून तशी केबल आणली, १४४ आला. ४के घेणाऱ्यांनी कार्डाआधी केबल तपासावी, खरंच सांगतो.

२५ मे, शनिवार

आजपासून नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस), आणि आजच ४०९० आलं. दोस्त स्वतः घेऊन आला, गादीच्या कव्हरमध्ये गुंडाळून. साडेतीन स्लॉटची वीट आहे ही, कॅबिनेटमध्ये बसवायला पुढचा एक फॅन काढावा लागला आणि खालून टेकू दिला.

विजेचा १६-पिनचा कनेक्टर पहिल्यांदाच हाताळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे कार्ड आल्यावर काही जणांचे कनेक्टर वितळले होते, त्याचं एक मोठं कारण निघालं ते म्हणजे कनेक्टर पूर्ण आत न बसणं. नंतर त्याची सुधारलेली आवृत्ती आली, १२व्ही-२x६, त्यात सेन्सच्या (कनेक्टर बसला का ते कार्डाला सांगणाऱ्या) पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड वीजच ओढत नाही. हे कार्ड जुन्या प्रकारचं. त्यामुळे टॉर्च लावून चारही बाजूंनी फट पाहिली, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकू दिली नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, दीड लाखाच्या वरची.

पहिला रन, चौथा मिनिट, यूपीएस बोंबलला आणि सगळं बंद. १ केव्हीएचा यूपीएस, खरी ताकद ६०० वॅट, आणि त्यावर मॉनिटरही लावलेला. कार्ड ४५० वॅटचं आहे हे मला माहीत होतं पण बेरीज केली नव्हती, प्रोसेसर, फॅन, पॉवर सप्लायची गळती सगळं धरून भिंतीवर ६३० होऊन राहिलं होतं. आई धावत आली, "काय जळलं रे?" काही जळलं नाही. यूपीएस काढला, किचनकडच्या १६ अँपच्या पॉइंटवरून लाइन घेतली. वीज गेली तर रन जाईल, जाऊ दे.

रात्री अडीचला आकडे आले. सायबरपंक अल्ट्रा : ७१. रे ट्रेसिंग अल्ट्रा नेटिव्ह : ४० च्या थोडं वर, म्हणजे एक्सटीएक्सच्या दुप्पट. पाथ ट्रेसिंग नेटिव्ह १९, डीएलएसएस (एनव्हिडियाचं अपस्केलिंग) परफॉर्मन्सवर साठीच्या आसपास. पाऊस पडलेल्या रस्त्यावर निऑनचे दिवे पाथ ट्रेसिंगमध्ये पाहिले आणि मी आणि दोस्त दोघेही गप्प बसलो होतो काही वेळ. त्याने हे कार्ड दीड वर्षं फक्त प्रीमियर या एडिटिंगच्या प्रोग्रामसाठी वापरलं, गेम एकही टाकला नव्हता.

२६ मे, रविवार

दोन गोष्टी तपासल्या, दोन्ही कामाच्या.

एक, पॉवर लिमिट. आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये १०० वरून ७० टक्के केलं, म्हणजे ४५० च्या जागी ३१५ वॅट. सायबरपंक ७१ चा ६७ झाला. फक्त चार फ्रेम! आणि भिंतीवरचे सव्वाशे वॅट गेले, कार्ड सात अंश थंड, फॅनचा आवाज अर्धा. शेवटचे पाच-सहा टक्के काढायला चिपला व्होल्टेज इतकं चढवावं लागतं की वीज भसाभस जाते. ज्याच्या घरी एसी नाही त्याने ४०९० असंच चालवावं असं माझं स्पष्ट मत झालंय.

दोन, प्रोसेसरची भिंत. तोच सायबरपंक डॉगटाउनच्या बाजारात १४४०पी वर चालवला, तर ४०९० चा वापर ९९ टक्क्यांवरून खाली यायला लागला, कार्ड रिकामं बसून राहिलं आणि प्रोसेसर दमून गेला. ४के नेटिव्हवर असं होत नाही, तिथे कार्डालाच पूर्ण काम असतं. पण गोम इथे आहे की ४के वर डीएलएसएस परफॉर्मन्स लावलं तर आतलं चित्र १०८०पी चं बनतं, क्वालिटीला १४४०पी चं. म्हणजे मॉनिटर ४के चा असला तरी प्रोसेसरच्या दृष्टीने तुम्ही परत १०८०पी वर आलात. "४के वर प्रोसेसरचा काही फरक पडत नाही" हे अपस्केलिंगच्या आधीच्या काळातलं वाक्य आहे, आता ते अर्धंच खरं.

संध्याकाळी कार्ड परत केलं. दोस्ताला ७० टक्क्यांचं प्रोफाइल सेव्ह करून दिलं.

३० मे, गुरुवार

सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी, नागपुरात एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश. नंतर कळलं की सेन्सरची गडबड होती, बाकी ठिकाणी तेवढं नव्हतंच. पण ते वाचून माझ्या डोक्यात आलं, अरे बावा, माझं तरी थर्मामीटर बरोबर आहे का? तीन आठवडे मी त्याचे आकडे लिहून राहिलो, एकदाही तपासलं नाही.

आईकडून बर्फ घेतला, ग्लासात बर्फ आणि थोडं पाणी, नीट ढवळलं, प्रोब आत. शून्य यायला पाहिजे. आलं १.८. पुन्हा केलं, पुन्हा १.८. म्हणजे आतापर्यंत लिहिलेलं खोलीचं प्रत्येक तापमान पावणेदोन-दोन अंशांनी जास्त आहे. वरच्या नोंदी मुद्दाम खोडल्या नाही, जिथे ३५ लिहिलंय तिथे ३३ समजावं. कार्डांच्या आपसातल्या तुलनेला धक्का नाही, सगळ्यांना एकच थर्मामीटर होतं. पण हे सेन्सरबद्दल आहे म्हणून सांगतो, पहिल्याच दिवशी बर्फ करायला पाहिजे होता.

वॅटमीटर पण तपासला, माळ्यावर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब होता, ९७ दाखवले. चालेल.

याच निमित्ताने अजून एक. सॉफ्टवेअर जे वॅट दाखवतं ते सगळ्या कार्डांत एकाच गोष्टीचं नसतं. एनव्हिडियाचा आकडा पूर्ण बोर्डाचा असतो, एएमडीच्या ६००० सिरीजमध्ये मात्र बोर्डाचा बाकी खर्च त्यात धरलेला नसायचा, ७००० मध्ये पूर्ण बोर्डाचा येतो. जुन्या एएमडी कार्डाशी स्क्रीनवरचे वॅट लावून तुलना केली तर एएमडी उगाच काटकसरी दिसतं. म्हणून मी भिंतीवरचाच धरतो.

१ जून, शनिवार

मामेभाऊ ४०८० सुपर घेऊन आला, आल्या-आल्या म्हणतो, "काहून बे, नवतपात भट्टी लावून बसला?" मग स्वतःच रात्री एकपर्यंत बसला.

सायबरपंक अल्ट्रा : ५५. एक्सटीएक्सच्या दोन फ्रेम खाली. रे ट्रेसिंग अल्ट्रा : २९. रेड डेड आणि फोर्झामध्ये दोघं इतके जवळ की तीन रनमधला फरक आणि दोन कार्डांमधला फरक सारखाच.

पण मला यात सगळ्यात जास्त रस आहे तो कागदावरच्या एका विसंगतीत. ४०८० सुपरची मेमरी २५६ बिटची, सेकंदाला ७३६ जीबी. माझ्या ३०८० ची ७६०. म्हणजे २०२० च्या पिढीतल्या कार्डाचा मेमरीचा रस्ता मोठा आहे, तरी नवीन कार्ड ४के वर जवळजवळ दीडपट पळतं. कसं? कोर जास्त आहेत आणि क्लॉक तर खूपच जास्त, ते आहेच, पण तेवढ्या कोरला माल पुरवणार कोण? उत्तर एल२ कॅश. ३०८० मध्ये ५ एमबी, ४०८० मध्ये ६४ एमबी. पुन्हा-पुन्हा लागणारा डेटा चिपच्या आतच सापडतो, बाहेर मेमरीपर्यंत जायची वेळच कमी येते. एएमडीने हीच युक्ती आधी केली होती, इन्फिनिटी कॅश म्हणून, एक्सटीएक्समध्ये ती ९६ एमबी आहे. म्हणून नुसती बस किती बिटची ते पाहून कार्डाची किंमत करू नका, मी स्वतः हेच कार्ड २५६ बिट बघून बाजूला ठेवलं होतं फेब्रुवारीत.

अर्थात कॅशला मर्यादा आहे. रिझोल्यूशन वाढलं की डेटा वाढतो आणि कॅशमध्ये सापडायचं प्रमाण कमी होतं, तेव्हा मागे रुंद रस्ता असलेलाच टिकतो. ४०९० ची आघाडी ४के वर जास्त आणि १४४०पी वर कमी दिसते त्यात प्रोसेसरच्या भिंतीबरोबर याचाही वाटा असणार, तिथे १००८ जीबी आहेत.

२ जून, रविवार

डोळ्यांची परीक्षा. मी बाहेर जायचं, मामेभाऊ सेटिंग बदलणार, मी येऊन ओळखायचं, मग उलट. दोघांची प्रत्येकी दहा-दहा वेळा.

४के नेटिव्ह आणि डीएलएसएस क्वालिटी : मी दहापैकी सहा ओळखले, त्याने पाच. म्हणजे अंदाजच. अडीच फुटावरून ३२ इंचीवर आम्हाला फरक सांगता येत नाही, आणि फ्रेम तर कितीतरी जास्त. सायबरपंकमध्ये जून २०२४ ला एफएसआर (एएमडीचं अपस्केलिंग) २.१ होतं, ते क्वालिटीवर : दोघांनीही दहापैकी नऊ ओळखले. स्थिर चित्रात चांगलं आहे, पण जाळीचं कुंपण, विजेच्या तारा, पळणाऱ्या माणसाच्या मागची जागा, तिथे चमचम होते. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच पाहिजे, एफएसआरची ही आवृत्ती कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते आणि ते फार मोठं काम आहे.

त्याचाच पुरावा त्सुशिमात मिळाला. त्या गेममध्ये डीएलएसएसचं अपस्केलिंग आणि एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन एकत्र लावता येतं, म्हणजे माझ्या ३०८० वर पण मधल्या फ्रेम बनतात, जे एनव्हिडियाने स्वतः २०२४ पर्यंत फक्त ४० सिरीजला दिलं होतं. लावलं, आणि गवताच्या माळावरून घोडा असा सुळसुळत गेला की मामेभाऊ म्हणाला, "मग नवीन काहून घेतो?" अट एवढीच की मुळात ५५-६० फ्रेम पाहिजेत. फ्रेम जनरेशन दोन खऱ्या फ्रेमच्या मधली बनवतं, म्हणजे पुढची खरी फ्रेम हातात येईपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे हाताला उशीर जाणवतो. ३० वरून ६० केलं तर दिसायला ६० आणि हाताला चिखल.

५ जून, बुधवार

ही टेस्ट सुरुवातीला यादीत नव्हती, पण माझ्यासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची ठरली. मी रोज कसा खेळतो? आकडा किती वर जातो ते बघत नाही, ७२ वर कॅप लावून खेळतो, १४४ चा बरोबर अर्धा. मग प्रश्न असा, तेवढ्याच ७२ फ्रेम द्यायला कोण किती वीज घेतं?

रेड डेड, ४के, दोन्ही कार्डांवर ७२ टिकेल अशी सेटिंग, व्हॅलेंटाइन गावातून स्टेशनपर्यंत तोच रस्ता. ४०८० सुपर भिंतीवर ३१५, ७९०० एक्सटीएक्स ३८५. सत्तर वॅटचा फरक, चित्र तेच, फ्रेम त्याच. तीनदा केलं, पाच-सात वॅट इकडे-तिकडे. तीन तास खेळलं की दोन-अडीचशे वॅट-अवर, बिलात ते फार मोठं नाही, पण ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच खोलीत येते आणि बंद खोलीत मेच्या रात्री सत्तर वॅट मला कळतात.

आवाजाची टेस्ट पण आजच, रात्री दोनला कूलर बंद करून. कूलर चालू असताना कोणतंच कार्ड ऐकू येत नाही, तो पंखा आणि पंपच एवढा. बंद केल्यावर एक्सटीएक्सची बारीक कॉइलची किणकिण ऐकू आली, पण ती एकाच मॉडेलची एकच वस्तू आहे, त्यावरून मत बनवत नाही.

९ जून, रविवार

संध्याकाळी वारा सुटला, धूळ, आणि मग पाऊस. खिडकी उघडली, खोली (दुरुस्त केलेल्या आकड्याने) २८ अंश. लगेच ४०८० सुपरवर १ तारखेचाच सायबरपंकचा रन पुन्हा लावला. कार्ड पाच अंश थंड, क्लॉक ३० मेगाहर्ट्झ वर, एनव्हिडियात क्लॉक १५-१५ च्या पायरीने खाली-वर होतो, म्हणजे दोन पायऱ्या. एफपीएस ५५ चा ५५च, दशांशातच काय ते हललं. म्हणजे उन्हाळ्याने कार्डाचा वेग खाल्ला नव्हता, कार्डांवर मोठे कूलर लावलेत कंपन्यांनी ते काम करतात. उन्हाळा खातो तो माणसाला.

निर्णय झालाय. ४०८० सुपर घेतो. बाजारात विचारलं तर एक्सटीएक्स बरंच स्वस्त पडतंय, आणि जो रे ट्रेसिंग लावतच नाही, ज्याला २४ जीबी पाहिजे, त्याने डोळे झाकून तेच घ्यावं, माझा मित्र त्याच्यावर खूश आहे आणि बरोबर आहे. मला त्या ओल्या रस्त्यावरचे दिवे पाहिजेत, डीएलएसएस पाहिजे आणि सत्तर वॅट कमी पाहिजेत. ४०९० चं मन होतं, खोटं नाही बोलत, पण तेवढा पैसा माझ्याकडे नाही आणि यूपीएस पण बदलावा लागला असता.

एक्सटीएक्स साफ करून, ब्रशने कूलरची धूळ काढून, डब्यात भरलं, मित्र गुरुवारी येतोय. ३०८० ची थर्मल पेस्ट बदलायची आहे, ते मामेबहिणीच्या पीसीत जाईल, तिचा मॉनिटर १०८०पी चा आहे, तिला पुढची तीन वर्षं काही लागणार नाही. मामेभाऊ उद्या सकाळी त्याचं कार्ड न्यायला येतो, त्याच्याआधी डॉगटाउनच्या बाजाराचा पाथ ट्रेसिंगवाला एक रन राहिलाय, तो आज रात्री करतो.